घाटातला सिग्नल मेंटेनर: बोरघाट आणि कसारा घाटाच्या निमित्ताने

घाटरूळ | ४ मे, रात्री ९:१२

पावसाळा महिन्यावर आला, म्हणून हा धागा. घाटातल्या बँकर (गाडीला मागून ढकलणाऱ्या) इंजिनांवर, बोगद्यांवर, धबधब्यांवर भरपूर लिहिलं गेलंय. लोकेशन बॉक्समध्ये (रुळाशेजारच्या सिग्नल उपकरणांच्या पेटीत) डोकं घालून बसलेल्या माणसाच्या कामावर मात्र मराठीत फारसं काही सापडत नाही. या कामात असलेली चार-पाच मंडळी इथे आहेत, नव्याने घाटात पोस्टिंग मिळालेलीही आहेत. एकच विनंती: आठवणी नकोत, पद्धत आणि आकडे लिहा.

सुरुवात मी करतो. बोरघाट म्हणजे कर्जत ते लोणावळा: पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा. कसारा घाट म्हणजे कसारा ते इगतपुरी. दोन्हीकडे चढ ३७ला १, दोन्हीकडे तीन मार्ग: अप, डाउन आणि मिडल. मुंबईकडे येणारी दिशा अप, त्यामुळे घाट उतरणारी गाडी अप दिशेची असते. नवख्याने हे आधी डोक्यात पक्कं करावं. मेमोत दिशा उलटी लिहिली गेली तर माणूस भलत्याच रुळावर जाऊन उभा राहतो.

सपाटीवरच्या आणि घाटातल्या यंत्रणेत फरक नसतो. रिले (करंट आला की उचलणारा, गेला की पडणारा स्विच) तेच, पॉइंट मशीन (गाडीचा मार्ग बदलणारा काटा फिरवणारी मोटर) तेच, केबल तीच. फरक तीन गोष्टींचा: पाणी, उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकची भुकटी आणि चढणाऱ्या इंजिनांनी टाकलेली वाळू. घाटातली निम्म्याहून जास्त फेल्युअर या तिघांच्या खात्यात जातात असं माझं मत. शिवाय दरड आहेच, पण ती रोजची नाही.

---

जिज्ञासू_नाशिककर | ४ मे, रात्री १०:०५

उत्तम विषय. कामात नसलेल्याचा प्रश्न: मुसळधार पावसात पुढे गाडी नसताना सिग्नल लाल का होतो? आणि पाऊस थांबला की तासाभरात आपोआप सुटतो कसा?

---

क्यूटीए२ | ४ मे, रात्री ११:३०

याचं उत्तर हिशेबाने दिलं तरच पटतं.

रुळावर गाडी आहे का ते ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटमध्ये एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला ट्रॅक रिले, मधले दोन रूळ म्हणजे तारा. गाडी नसेल तर करंट रिलेपर्यंत पोचतो आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की चाक-धुरी दोन रूळ जोडते, करंट तिथूनच परततो, रिले पडतो, सिग्नल लाल. पण करंट खडीतून आणि स्लीपरमधूनही एका रुळावरून दुसऱ्यावर गळत असतो. त्या गळतीला अडवणारा रोध म्हणजे बॅलास्ट रेझिस्टन्स. ब्लॉक सेक्शनमध्ये (दोन स्टेशनांमधल्या मार्गावर) तो दर किलोमीटरला किमान ४ ओहम आणि यार्डात किमान २ ओहम हवा.

आता ४०० मीटरचं ट्रॅक सर्किट घ्या. फीडला (बॅटरीच्या टोकाला) दोन सेल, म्हणजे ४.४ व्होल्ट. फीडच्या बाजूचा एकूण रोध (रेग्युलेटिंग रेझिस्टन्स, चोक, तारा मिळून) ५ ओहम. दुसऱ्या टोकाला ९ ओहमचा रिले आणि ३ ओहमचा चोक. रुळांचा स्वतःचा रोध सोडून देऊ. रिले उचलायला १.४ व्होल्ट आणि सोडायला ०.९५ धरू, प्रत्यक्षात आपल्या रिलेच्या पट्टीवरचा आकडा घ्यायचा.

४ ओहम प्रति किमी असताना ४०० मीटरला खडीचा रोध १० ओहम. रिलेवर येतात साधारण १.७२ व्होल्ट. छान.

गाळाने भरलेली खडी पावसात भिजली आणि रोध दर किलोमीटरला १ ओहमवर आला, तर ४०० मीटरला २.५ ओहम. रिलेवर उरतात ०.९७ व्होल्ट. इथे खरी गंमत आहे. आधीच उचललेला रिले ०.९७ वर काठाकाठाने तग धरतो. मग एक गाडी जाते, रिले पडतो, गाडी पुढे निघून जाते, आणि पुन्हा उचलायला १.४ लागतात ते मिळत नाहीत. म्हणून तक्रार येते ती "गाडी गेली, पण ट्रॅक उचलत नाही" अशी. पाऊस थांबला, पाणी निचरलं, रोध वाढला की रिले आपला आपण उचलतो. मेंटेनर पोचेपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं आणि रजिस्टरमध्ये "आल्यावर बरोबर आढळलं" अशी नोंद होते. ही नोंद दिसली की समजावं, पुढच्या सरीला तोच ट्रॅक पुन्हा पडणार.

---

जिज्ञासू_नाशिककर | ५ मे, सकाळी ७:४८

झकास समजावलंत. मग फीडचा रोध कमी करून व्होल्टेज वाढवून ठेवलं तर? पावसाळ्यापुरतं?

---

क्यूटीए२ | ५ मे, दुपारी १:२०

हाच तो मोह, आणि घाटात तोच सगळ्यात धोक्याचा.

वरच्याच सर्किटमध्ये फीडचा रोध ५ वरून २ ओहमवर आणला असं समजा. कोरड्या खडीत रिलेवर २.४ व्होल्ट. दिसायला भक्कम. आता चढावर बँकरने वाळू सोडली आहे, चाक आणि रूळ यांच्यामध्ये वाळूच्या पिठाचा थर बसलाय. गाडीचा शंट, म्हणजे चाक-धुरीने दोन रुळांमध्ये केलेला जोड, शून्य ओहमचा राहत नाही. समजा १ ओहमचा झाला. फीड २ ओहमला असेल तर गाडी रुळावर उभी असताना रिलेवर ०.९८ व्होल्ट राहतात. सोडायची मर्यादा ०.९५. म्हणजे रिले पडतच नाही. रुळावर गाडी आहे आणि यंत्रणेला रूळ मोकळा दिसतोय. फीड ५ ओहमलाच ठेवला असता तर तिथे ०.४८ व्होल्ट आले असते आणि रिले बिनबोभाट पडला असता.

पावसात पडणारा ट्रॅक गाड्या थांबवतो, बस्स. न पडणारा ट्रॅक गाडीवर गाडी घालतो. त्यामुळे ॲडजस्टमेंट करायची तर दोन टोकांनी: खडी सर्वात ओली असताना रिलेवर उचलण्याच्या किमान १२५ टक्के व्होल्टेज, आणि खडी सर्वात कोरडी असताना ०.५ ओहमचा शंट रुळावर ठेवल्यावर रिले पडलाच पाहिजे. शंट फीड एंडला, रिले एंडला आणि मध्येही लावून पाहायचा. दोन्ही अटी एकाच सेटिंगला जमत नसतील तर दोष सेटिंगचा नाही, खडीचा आहे. तिथे मेंटेनरचं काम संपतं आणि पीडब्ल्यूआयला (रुळांची देखभाल बघणाऱ्या निरीक्षकाला) पत्र जातं. खडी चाळायला हवी, नाहीतर ट्रॅक सर्किट तोडून दोन करायला हवीत.

---

रूळकरी | ५ मे, रात्री ८:४०

पीडब्ल्यूआयला पत्र जातं हे खरं, पण पत्रात काय लिहायचं तेही सांगतो, कारण मी पलीकडच्या टेबलाचा. "बॅलास्ट खराब" एवढंच लिहिलेल्या पत्राचं काही होत नाही. किलोमीटर, खांब क्रमांक, कोणत्या रुळाखाली, किती मीटर, हे हवं. आणि खडीआधी लायनर बघा. सिमेंट स्लीपरवर रूळ आणि क्लिपच्या मधे नायलॉनचे जीएफएन लायनर असतात, रुळाखाली रबर पॅड. लायनर झिजून तुटला की क्लिप रुळाला थेट टेकते, क्लिप इन्सर्टला (स्लीपरमध्ये बसवलेल्या लोखंडी तुकड्याला), इन्सर्ट स्लीपरच्या सळ्यांना. दोन्ही बाजूंचे लायनर गेलेले दहा-बारा स्लीपर सलग सापडले तर तेवढ्यावरच ट्रॅक पडतो, खडी कितीही स्वच्छ असो. वळणावर बाहेरच्या रुळाचे लायनर आधी जातात, आणि घाटात वळण नाही असा तुकडा शोधावा लागतो.

खडीची पातळी रुळाच्या पायाखाली ५० मिमी मोकळी हवी. टॅम्पिंग (मशीनने स्लीपरखाली खडी ठोकून बसवणं) झालं की खडी रुळाला टेकवून मशीनगाडी निघून जाते, तेव्हा मशीन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी चालून बघावं.

बोगद्यांचं वेगळं. तिथे बाहेर ऊन असलं तरी डोंगर झिरपत असतो. छताची धार नेमकी ग्लूड जॉइंटवर पडत असेल तर पन्हळ लावून ती बाजूला काढा. जॉइंट हलवण्यापेक्षा स्वस्त.

---

घाटरूळ | ५ मे, रात्री ९:३३

रूळकरी, लायनरचा मुद्दा लाखमोलाचा. ग्लूड जॉइंटचं मी पुढे घेतो, कारण ब्रेकची भुकटी तिथेच घात करते.

दोन ट्रॅक सर्किटांच्या मधे रूळ कापून, इन्सुलेशन घालून, चिकटवून बोल्ट मारलेला सांधा म्हणजे ग्लूड जॉइंट. नवा असताना कोरड्यात १०० व्होल्टला किमान २५ मेगाओहम, ओल्यात किमान ३ किलोओहम. हे नव्याचे आकडे. घाटाच्या अप मार्गावर गाडी ब्रेक लावलेल्या अवस्थेतच उतरते. ब्लॉकची आणि चाकाची लोखंडी भुकटी जॉइंटच्या फटीवर, फिशप्लेटच्या (सांध्याच्या जोडपट्टीच्या) कडेला बसते. कोरडी असताना ती फारसं काही करत नाही. पहिल्या पावसाने ती भिजते, गंजते आणि फटीवर पूल बांधते. त्यात चाकाखाली रुळाचं टोक पसरून ओठ तयार होतो. एंड पोस्टच्या (फटीतल्या इन्सुलेशनच्या) वर दोन्हीकडचे ओठ एकमेकांना टेकले की जॉइंट संपला.

जॉइंट तपासायला तो उघडायची गरज नाही. शेजारच्या सर्किटांची पोलॅरिटी उलट ठेवलेली असते. जॉइंटच्या दोन टोकांवर मीटर लावा. जॉइंट चांगला असेल तर दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजची साधारण बेरीज दिसते. शून्याजवळ दिसलं तर जॉइंट गेला. मधलंच काही दिसलं तर तो जाण्याच्या वाटेवर आहे, आणि मेमध्ये पकडायचे ते हेच. साफसफाई वायर ब्रशने आपण करायची. ओठ घासून काढणं रूळवाल्यांचं काम, आपण छिन्नी मारायला जाऊ नये. एंड पोस्ट फुटतो.

---

नवा_मेंटेनर | ६ मे, सकाळी ६:५५

सर, ट्रॅक फेल झाल्यावर नेमकं कुठून सुरू करायचं? आमच्या बॅचमधल्या सगळ्यांना रिले एंडला आधी पळायची सवय लागली आहे.

---

क्यूटीए२ | ६ मे, दुपारी २:१०

पळायचं नाही. चार आकडे घ्यायचे, क्रमाने: फीडच्या बॅटरीवर, फीड एंडला रुळांवर, रिले एंडला रुळांवर, रिलेच्या कॉइलवर. हेच चार आकडे ट्रॅक चांगला असतानाचे हिस्टरी कार्डवर असतात. ती तुलना म्हणजेच निदान.

बॅटरी ठीक, फीडला रुळांवर व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त, रिले एंडला काहीच नाही: मधे तार तुटली. बॉण्ड किंवा जंपर. चालत जायचं आणि प्रत्येक बॉण्डच्या अलीकडे-पलीकडे मीटर लावायचा. बॅटरी ठीक, पण फीडला रुळांवर व्होल्टेज जवळपास शून्य: कुठेतरी शॉर्ट. पॉइंटच्या स्ट्रेचर बारचं किंवा गेज टाय प्लेटचं इन्सुलेशन, ग्लूड जॉइंट, नाहीतर रुळांवर आडवा पडलेला लोखंडी तुकडा. फीडलाही कमी आणि रिले एंडला त्याहून कमी, दोन्ही हळूहळू उतरलेले: खडीची गळती. भोकं पडलेल्या पाइपसारखं, एक जागा सापडत नाही. रिले एंडला रुळांवर बरोबर, पण कॉइलवर नाही: चोक, फ्यूज, टर्मिनल, केबल. पळायचं ते फक्त या शेवटच्या वेळी.

आणि हे सगळं करण्याआधी स्टेशन मास्तरकडून फेल्युअर मेमो घेऊन वेळ टाकायची. उघडून काही सोडवायचं असेल तर टी/३५१ या फॉर्मवर डिस्कनेक्शन (यंत्रणा बंद ठेवल्याची नोंद), मास्तरची सही, मगच पान्याला हात. काम झाल्यावर दोघांनी मिळून चाचणी आणि रिकनेक्शन. रिलेला बाहेरून व्होल्टेज देऊन "तात्पुरता उचलून ठेवणं" हा प्रकार कुणी सुचवला, भले साहेबाने सुचवला, तरी करायचा नाही. गाड्या टी/३६९(३ब), म्हणजे लाल सिग्नल ओलांडायची लेखी परवानगी, देऊन जातील, उशीर होईल, होऊ द्या.

---

काटेवाला | ६ मे, रात्री १०:४५

पॉइंटबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

घाटात साध्या पॉइंटांपेक्षा कॅच सायडिंगचे पॉइंट जास्त महत्त्वाचे. नियम असा: स्टेशनकडे येणारा उतार ८०ला १ पेक्षा तीव्र असेल तर कॅच सायडिंग, स्टेशनपासून दूर जाणारा उतार १००ला १ पेक्षा तीव्र असेल तर स्लिप सायडिंग. कॅच सायडिंग सुटलेल्या गाडीला पकडते. स्लिप सायडिंग स्टेशनातून घरंगळणाऱ्या डब्यांना सेक्शनमध्ये जाऊ देत नाही. घाटात ३७ला १, म्हणजे या अटींच्या कितीतरी पलीकडे. कॅच सायडिंगचा पॉइंट एरवी सायडिंगकडेच लागलेला असतो. गाडी ताब्यात आहे, थांबली आहे, हे सिद्ध झाल्यावरच तो मुख्य मार्गाकडे फिरतो आणि सिग्नल सुटतो. त्यामुळे हा पॉइंट फेल झाला की घाट उतरणाऱ्या सगळ्या गाड्या मागे तुंबतात. दबाव प्रचंड येतो.

मशीन ११० व्होल्ट डीसीचं. पावसाळ्याआधी आणि नंतर ठरल्याप्रमाणे अडथळा चाचणी: जिभेच्या टोकापासून १५० मिमीवर, जीभ (पॉइंटचा सरकणारा रूळ) आणि स्टॉक रूळ (ती ज्याला टेकते तो पक्का रूळ) यांच्यामध्ये ५ मिमीची पट्टी ठेवायची आणि पॉइंट फिरवायचा. तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. लॉक लागता कामा नये, डिटेक्शन (पॉइंट नीट बसल्याचा संकेत) येता कामा नये, क्लच घसरला पाहिजे. दोन्ही बाजूंना, दोन्ही जिभांना. करंट मीटर लावूनच ठेवा: क्लच घसरताना करंट नेहमीच्या चालीच्या दीड ते दोन पट असावा. दीडपेक्षा कमी म्हणजे क्लच ढिला, चिखलातला पॉइंट तो लोटू शकणार नाही. दोनच्या वर म्हणजे क्लच जाम, मोटर जळेल.

सगळ्यात जास्त फेल्युअर मशीनच्या आत नसतात, स्लाइड चेअरवर (जीभ जिच्यावर सरकते त्या बैठकीवर) असतात. पावसात ग्रीस-ग्रॅफाइट धुऊन जातं, वर वाळू आणि लाल माती बसते, जीभ कोरडी घासते. नेहमी ४ अँपियरला फिरणारा पॉइंट ६ ला जायला लागला की तो तुम्हाला आठवडाभर आधी सांगतोय. डाटा लॉगरमध्ये करंट आणि वेळ दोन्ही दिसतात. रोज दोन मिनिटं बघा. चेअर आधी कोरडी पुसून मगच वंगण. चिखलावर तेल ओतलं तर त्याची खळ होते.

दरडीतला बारीक दगड जीभ आणि स्टॉक रुळाच्या मधे जाऊन बसतो तोही इथलाच प्रकार. हाताने काढू नका. कोण कधी पॅनेलवरून पॉइंट फिरवेल याचा भरवसा नाही. क्रँक हँडलची (पॉइंट हाताने फिरवायच्या दांड्याची) किल्ली आधी काढून घ्या, म्हणजे त्या पॉइंटवरचे सिग्नल लाल राहतात, मशीनचं शटर उघडलं की मोटरचा पुरवठा तुटतो, मगच लाकडी पाचर घेऊन वाका.

---

सह्यकडा | ७ मे, सकाळी ११:००

इतका खटाटोप कशाला? सगळीकडे ॲक्सल काउंटर लावले की बॅलास्ट, लायनर, जॉइंट सगळी कटकट संपते.

---

क्यूटीए२ | ७ मे, दुपारी १२:१५

कटकट बदलते. संपत नाही.

ॲक्सल काउंटर सेक्शनच्या दोन्ही टोकांना चाकं मोजतो. आत गेली तेवढी बाहेर आली तर मार्ग मोकळा. त्याला ओल्या खडीचं काही नाही, वाळूचं नाही, गंजाचं नाही. हे तिन्ही घाटात मोठे फायदे, आणि लांब सेक्शनला तोच योग्य. पण मोजणी एकदा चुकली की ती आपोआप दुरुस्त होत नाही. ट्रॅक सर्किट पाऊस ओसरल्यावर सावरतं. ॲक्सल काउंटर रीसेट करावा लागतो. तो प्रिपरेटरी रीसेट असतो, म्हणजे रीसेट केल्यावर लगेच मोकळं दाखवत नाही. एक गाडी पायलट करून पूर्ण सेक्शन पार झाली की मग मोकळं. रीसेटआधी सेक्शन खरंच रिकामं आहे याची खात्री माणसाने करायची असते, यंत्राने नाही.

डिटेक्टर रुळाच्या वेबवर बोल्ट केलेले असतात. वरून घसरलेला एखादा धोंडा, पॅकिंग करताना चुकून लागलेला कुदळीचा फटका, किंवा डिटेक्टरवरून सरकवलेलं लोखंडी अवजार, काहीही मोजणी बिघडवू शकतं. ट्रॉली जाताना काळजी वेगळी. शिवाय रूळ तुटला तर बऱ्याचदा ट्रॅक सर्किट पडून इशारा देतं, ॲक्सल काउंटर शांत राहतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे घाटात ही गोष्ट छोटी नाही.

---

तांबडा_दिवा | ७ मे, रात्री ९:५०

इलेक्ट्रॉनिक्स वाढलं की अर्थिंगचा प्रश्न येतो, आणि इथे सह्याद्री आडवा येतो. साध्या लोकेशनला १० ओहमच्या आत अर्थ चालतो, पण इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आणि ॲक्सल काउंटरला १ ओहमच्या आसपास लागतो. काळा पाषाण एक मीटरवर लागतो, इलेक्ट्रोड पूर्ण आत जात नाही. मग उपाय एकच: तीन-तीन मीटरवर, किंवा जागा असेल तर त्याहून लांब, अनेक इलेक्ट्रोड, भोवती बेंटोनाइट मिश्रण, आणि सगळे तांब्याच्या पट्टीने रिंगमध्ये जोडायचे. मोजमाप मेमध्ये घ्या. जुलैत जमीन भिजलेली असताना कुठलाही अर्थ चांगलाच दिसतो. विजा मात्र मेअखेरीस वळवाच्या पावसात कोसळतात, जमीन अजून कोरडी असताना. प्रत्येक गडगडाटानंतर सर्ज प्रोटेक्शनच्या खिडक्या बघायच्या. लाल झालेलं मॉड्यूल पहिला झटका झेलून मेलेलं असतं, दुसऱ्याला कार्ड जातं.

केबलचं मेगरिंग (इन्सुलेशनचा रोध मोजणं) ५०० व्होल्टच्या मेगरने, दोन्ही टोकांना सोडवून, प्रत्येक कोअर (केबलमधली तार) अर्थशी आणि इतर कोअरशी. गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करा. आकडा अजून पास असला तरी निम्म्यावर आला असेल तर पाणी शिरलंय. घाटात केबल बऱ्याच ठिकाणी खणून पुरता येत नाही, पाइपात किंवा सिमेंटच्या ट्रफमध्ये कड्याच्या बाजूने जाते. ट्रफचं झाकण सरकलेलं असेल तर उंदीर आणि वणवा दोन्ही आत पोचतात. मार्च-एप्रिलमध्ये ट्रफच्या दोन्ही बाजूंचं गवत काढून घेतलं नाही तर पावसाआधीच केबल जळते.

लोकेशन बॉक्स: खालची केबल एंट्री वाळू आणि सीलिंग कंपाउंडने बंद, दाराचं रबर गॅस्केट अखंड, सिलिका जेल निळी. उघडण्याआधी दारावर दोनदा थाप मारा आणि बाजूला उभं राहून उघडा. गांधीलमाशी आणि साप दोघांनाही ती कोरडी, उबदार जागा आवडते.

---

नवा_मेंटेनर | ८ मे, सकाळी ७:२०

दरड कोसळून केबल तुटली तर? तेव्हा काय क्रम असतो?

---

घाटरूळ | ८ मे, रात्री १०:१५

२०१९च्या पावसाळ्यात मंकी हिल ते नागनाथ भागात मार्गच खचला होता आणि वाहतूक महिनोन्‌महिने विस्कळीत राहिली. तसं झालं तर सिग्नल सर्वात शेवटी येतो. आधी डोंगर. हिल गँगने वरचे सुटे धोंडे पाडून जागा सुरक्षित म्हटल्याशिवाय खाली वाकून काम करायचं नाही. एका दरडीनंतर दुसरी येते, आणि ती येते पाऊस थांबल्यावरही.

मग केबल. तुटलेलं टोक दोन्हीकडे पाणी लागलेल्या जागेपलीकडे दोन-तीन मीटर कापायचं, कारण पाणी आवरणाच्या आतून चढतं. नवा तुकडा तेवढ्याच कोअरचा, तेवढ्याच जाडीचा. तात्पुरता वरून टाकायचा तर रुळापासून लांब, पाइपात, दर काही मीटरला बांधून. जोड लोंबकळत ठेवू नका आणि पाण्याच्या वाटेत तर नकोच.

आता खरी मेख. २४ कोअर जोडले, सिग्नल लागला, पॉइंट फिरला, वरून दहा फोन: "चालू झालं का?" नाही झालं. प्रत्येक कोअरची कंटिन्यूइटी आणि मेगर, मग सर्किट डायग्रॅम हातात धरून जुळणी तपासायची, म्हणजे करस्पॉन्डन्स टेस्ट: पॅनेलवर नॉर्मल दिसतंय तेव्हा जागेवर पॉइंट खरंच नॉर्मल आहे का, रिव्हर्स केला की रिव्हर्स आहे का, ट्रॅक शंट केला की त्याच ट्रॅकची पट्टी पडते का, शेजारच्याची नाही, सिग्नलचा प्रत्येक ॲस्पेक्ट (दिव्याचा रंग) तोच आहे का. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला जो रेल्वे अपघात झाला त्याच्या चौकशीत बोट ठेवलं गेलं ते सिग्नल सर्किटमधल्या फेरफारातल्या त्रुटींवरच. पॉइंट एकीकडे आणि यंत्रणेला दिसतंय दुसरीकडे, यापेक्षा वाईट स्थिती सिग्नलिंगमध्ये नाही. रिले रूमला दुहेरी कुलूप आधीपासून होतंच, तेव्हापासून जागेवरच्या गुमट्यांच्या (उपकरणांच्या छोट्या खोल्यांच्या) दुहेरी कुलपावरही भर आला: एक किल्ली मास्तरकडे, एक आपल्याकडे. त्याला कंटाळू नये.

---

काटेवाला | ९ मे, सकाळी ८:०५

स्वतःच्या जिवाचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. घाटात धबधब्याच्या आवाजात गाडी ऐकू येत नाही. उतरणारी मालगाडी तर येते सावकाश, पण समोर दिसेपर्यंत कळत नाही. मिडल लाइनवर कुठल्याही दिशेने गाडी येऊ शकते. एकट्याने जायचं नाही. एक काम करतो, दुसरा फक्त बघतो, त्याच्या हातात पाना नको. बोगद्यात शिरण्याआधी कोनाडे कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर ते माहीत हवं. गाडी आली की कोनाड्यात, सामानासकट. पिशवी रुळाशेजारी ठेवून नाही.

छत्री नको, रेनकोट. वर २५ हजार व्होल्ट आहेत आणि २ मीटरचं अंतर राखायचंय; लोखंडी दांड्याची छत्री किंवा खांद्यावर उभा धरलेला पाइप ते अंतर नकळत खातो. पिशवीत मीटर, ०.५ ओहमचा शंट, ५ मिमीची पट्टी, बॉक्स स्पॅनर, दोन-तीन मापांचे फ्यूज, जंपर, टेप, कोरडं फडकं. फडकं विसरतात सगळे. ओल्या टर्मिनलवर घेतलेलं रीडिंग रीडिंग नसतं.

---

जिज्ञासू_नाशिककर | ९ मे, रात्री ९:१८

शेवटचा प्रश्न. घाटात वीज गेली तर सिग्नल किती वेळ चालतात?

---

तांबडा_दिवा | ९ मे, रात्री १०:०२

वीज एका मार्गाने येत नाही. ओव्हरहेड वायरवरून ट्रान्सफॉर्मरने घेतलेला पुरवठा, स्थानिक पुरवठा आणि बहुतेक ठिकाणी डिझेल जनरेटर. ते सगळं आयपीएसमध्ये (सिग्नलच्या एकत्रित वीजपुरवठा यंत्रणेत) येतं आणि आयपीएसला ११० व्होल्टची बॅटरी बँक, २ व्होल्टचे ५५ सेल. सगळेच पुरवठे गेले तर बॅटरीवर. निम्मी क्षमता उतरली की मास्तरच्या टेबलावर भोंगा वाजतो: जनरेटर लावा. ६० टक्के उतरली की सिग्नलचा पुरवठा तुटतो, ७० ला सगळी यंत्रणा बंद. तासांत उत्तर देता येत नाही, बँक किती अँपियर-अवरची आणि किती जुनी यावर आहे. पाच-सहा वर्षांच्या बँकेचं पाटीवरच्या क्षमतेवरून गणित करू नये, डिस्चार्ज टेस्टचा आकडा धरावा. ५५ पैकी एक सेल मेला तरी लोडवर सगळी रांग बसते, म्हणून प्रत्येक सेलचं व्होल्टेज लोड टाकून, एकेक करून घ्यायचं. फ्लोटवर सगळे सेल सारखेच दिसतात.

नवा_मेंटेनर, तुमच्या सेक्शनची डिस्चार्ज टेस्ट मेमध्ये झाली नसेल तर उद्याच मेमो टाका. जूनमध्ये कुणी ब्लॉक (कामासाठी वाहतूक थांबवलेला वेळ) देत नाही.